मालकाच्या टेबलावरचे पत्र

गेल्या मे महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात बसलो होतो, तेव्हा त्याच्या टेबलावर चहाच्या पेल्याखाली एक छापील पत्र दिसले. पेल्याचा गोल डाग पत्राच्या मधोमध उमटला होता आणि त्या डागातून ‘ब्रेक’ हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. मी गेली बावीस वर्षे आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा ट्रेड शिकवतो, त्यामुळे हा शब्द कुठेही दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. पेला बाजूला ठेवून मी पत्र वाचले. ते बस बनवणाऱ्या कंपनीकडून आले होते. ठरावीक काळात तयार झालेल्या बसगाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळच्या रिले व्हॉल्व्हमधले रबरी सील फुगण्याची शक्यता आढळली आहे, त्यामुळे ब्रेक लागण्यास किंवा सुटण्यास उशीर होऊ शकतो, सबब खालील चॅसी क्रमांकांची वाहने जवळच्या अधिकृत कार्यशाळेत आणावीत, सुट्या भागांचे व मजुरीचे पैसे घेतले जाणार नाहीत, असा त्याचा आशय होता. खाली क्रमांकांची यादी होती. विद्यार्थ्याच्या चार बसपैकी तीन त्या यादीत होत्या आणि पत्रावरची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती.

“सर, सीझन संपला की नेतोच,” तो म्हणाला.

हा मुलगा बेफिकीर नाही, हे आधी सांगितले पाहिजे. वर्गात असताना तो ब्रेक लायनरचे, म्हणजे ब्रेकच्या चपलांवरच्या घासणाऱ्या अस्तराचे, रिव्हेट इतके नीटनेटके बसवायचा, की मी त्याचे काम पुढच्या तुकडीला दाखवायला ठेवून घेतले होते. आजही तो स्वतः गाडीखाली झोपून स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई काढणारा भाग, पाहतो. वर्षभर त्याच्या बस शाळेची मुले आणि कारखान्यातले कामगार नेतात. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा वऱ्हाडांच्या भाड्यावर तीन महिन्यांचे हप्ते निघतात. अधिकृत कार्यशाळा सत्तर किलोमीटरवर आहे. तिथे नंबर लागून काम होऊन गाडी परत येईपर्यंत कमीत कमी एक दिवस जातो, आणि लग्नाचा दिवस काही पुढे ढकलता येत नाही. त्याने हे सगळे मला शांतपणे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाला, “आणि सर, ब्रेक तर चांगले लागतायत.”

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि मला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

ती भीती समजण्यासाठी बसच्या ब्रेकचे काम थोडे जवळून पाहावे लागेल. मोटारगाडीत पेडल दाबले की पायाचा जोर तेलातून थेट चाकापर्यंत जातो. बसमध्ये चालकाचा पाय फक्त एक झडप उघडतो. प्रत्यक्ष ताकद टाकीत साठवलेल्या हवेची असते. ती हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, तिथल्या रबरी डायफ्रामला ढकलते, डायफ्राम एक दांडा पुढे सरकवतो, दांडा स्लॅक अ‍ॅडजस्टरला फिरवतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला कॅम ब्रेकच्या चपला ड्रमवर दाबतो. डायफ्रामचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच असेल आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला १०० पौंड असेल, तर त्या दांड्यावर ३,००० पौंडांचा जोर येतो. माणसाच्या पायात हे बळ नाही. म्हणूनच हवा वेळेवर पोहोचणे यावर सगळे अवलंबून असते.

आता बसची लांबी लक्षात घ्या. चालकाच्या पायाखालची झडप पुढे आणि मागची चाके जवळजवळ गाडीच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब नळीतून सगळी हवा ढकलत बसलो तर मागचे ब्रेक रेंगाळत लागतील. त्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलजवळ रिले व्हॉल्व्ह असतो. पायाखालच्या झडपेकडून त्याला हवेची केवळ खूण मिळते आणि तो जवळच्याच टाकीतून मोठ्या प्रमाणावर हवा चेंबरमध्ये सोडतो. वर्गात मी हा व्हॉल्व्ह मधोमध कापून ठेवला आहे. आत एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि पातळ रबरी कडी, एवढेच. हाताच्या मुठीत मावेल असे हे प्रकरण. कडी फुगली की पिस्टन किंचित अडखळतो. एकदा अडखळतो, दहा वेळा अडखळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली बस एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या उशिराला आठ मीटर. आठ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अलीकडे थांबणे आणि त्याच्या पलीकडे थांबणे यांतला फरक. “ब्रेक चांगले लागतायत” हे वाक्य कालपर्यंतच्या प्रत्येक वेळेबद्दल खरे असते आणि उद्याच्या एका वेळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मी त्याला एवढेच विचारले, की या पाच आठवड्यांत त्या तीन गाड्यांतून किती माणसे बसली असतील. त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि गप्प बसला. त्यांतल्या एकालाही हे पत्र आलेले नव्हते. नवरीच्या आजीला नाही, ढोल घेऊन मागच्या बाकावर बसलेल्या पोरांना नाही, एप्रिलमध्ये परीक्षेला गेलेल्या शाळकरी मुलांना नाही, त्यांच्या आईबापांनाही नाही. स्वतःची मोटार असलेल्या माणसाला असे पत्र आले, तर धोका त्याचा आणि निर्णयही त्याचा. बसच्या बाबतीत पत्र एकाला येते आणि जीव पन्नास जणांचे असतात. रिकॉलची, म्हणजे कारखान्याचा दोष असलेली वाहने कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची, आपली सगळी व्यवस्था वाहनाच्या मालकाभोवती रचलेली आहे, आणि प्रवासी बसमध्ये बसणारा माणूस मालक नसतो. मला या लेखात मुख्यतः हेच मांडायचे आहे.

कोणताही बस अपघात झाला की पहिल्या तासाभरात ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द बाहेर पडतात. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतली विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली, तेव्हाही हेच झाले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत त्या बसचे ब्रेक व्यवस्थित असल्याचे पुढे आले आणि चर्चा चालकाला अशा बसचा सराव किती होता, प्रशिक्षण किती मिळाले होते, याकडे वळली. नऊ माणसे गेली. ‘ब्रेक फेल’ म्हणून विषय मिटवणे आणि ‘ब्रेकला काही झाले नव्हते, चालकच दोषी’ म्हणून विषय मिटवणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच घातक वाटतात. लायनर झिजलेले असताना गाडी रस्त्यावर आणली गेली असेल, तर तो देखभालीचा दोष आहे. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक न वापरता सतत पेडलवर पाय ठेवल्याने ड्रम तापले असतील, तर तो चालवण्याच्या पद्धतीचा दोष आहे. तापलेला ड्रम फुगतो, चपलांपासून लांब जातो, दांड्याला जास्त सरकावे लागते आणि एका क्षणी दांड्याची हद्द संपते. आणि कारखान्यातून बाहेर पडतानाच एखादा भाग चुकीचा असेल, तर दोष कंपनीचा. हा तिसरा दोष चालकाला दिसत नाही, आगारातल्या कारागिराला सहसा दिसत नाही, आणि तो एका गाडीत असला तर तिच्यासारख्या शेकडो गाड्यांत असण्याचा संभव असतो. म्हणून त्याला रिकॉल हा एकच उपाय आहे.

पुष्कळ जण मला विचारतात, की फिटनेस तपासणी होते ना, मग हा दोष तिथे का सापडत नाही? आपल्याकडे व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. चांगल्या केंद्रात चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो, डाव्या आणि उजव्या चाकात फरक किती आहे, हे मोजले जाते. ही तपासणी हवीच. पण ती त्या दिवशीची, त्या क्षणाची, उभ्या गाडीची तपासणी आहे. ज्या व्हॉल्व्हचे सील दर पन्नास वेळांतून एकदा अडखळते, तो रोलरवर बहुतेक वेळा पास होईल. अमेरिकेत २०१४ च्या हिवाळ्यात एका मोठ्या ब्रेक कंपनीच्या व्हॉल्व्हबाबत असेच घडले. तो व्हॉल्व्ह ट्रकबरोबर प्रवासी बसमध्येही बसवलेला होता. कडाक्याच्या थंडीत त्याच्या आतून हवा गळत असे आणि चालकाचा पाय पेडलवर नसतानाही ब्रेक थोडेसे लागलेले राहत. थोडेसे लागलेले ब्रेक म्हणजे सतत घासणारे लायनर, तापणारी चाके आणि आगीचा धोका. उबदार शेडमध्ये उभ्या केलेल्या बसमध्ये हा दोष कुणाला कसा सापडणार? तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने त्या वेळी दुरुस्ती न झालेली वाहने रस्त्यावर आणू नयेत, अशी भूमिका घेतली. ती मला फार महत्त्वाची वाटते. पत्र पाठवले, आता मालक बघून घेईल, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

आपल्याकडे रिकॉलचा कायदा उशिरा आला. २०१२ च्या जुलैपासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने एक आचारसंहिता पाळायला सुरुवात केली होती. तोपर्यंत तेवढेही नव्हते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ११०अ हे कलम आले. ज्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, वाहनात बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होऊ शकते, त्या दोषाच्या वाहनांना परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर दंड माफ. त्यासाठीचा नियम, १२७क, १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठरला. ‘वाहनात बसलेल्यांना’ हा शब्द कलमात आहे, याचा मला आनंद आहे. पण पुढे नियमात उतरताना हा माणूस मागे पडला.

नियमाची रीत अशी आहे, की वाहनधारकांनी सरकारी पोर्टलवर तक्रारी नोंदवायच्या आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तक्रारी आल्या की सक्तीच्या रिकॉलचा विचार व्हायचा. बस आणि ट्रक यांच्यासाठी हे प्रमाण वार्षिक विक्रीच्या ३ टक्के ठेवले आहे. मोटारींच्या बाबतीत हे समजू शकते, कारण हजार मोटारींचे साधारण हजार मालक असतात आणि प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवू शकतो. बसचे तसे नाही. एस.टी. महामंडळाच्या ताफ्यात पंधरा हजारांच्या आसपास बस आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा मालक एकच. राज्यभरातल्या अडीचशेच्या आसपास आगारांत एखाद्या व्हॉल्व्हचा त्रास वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या चालकांना होईल, पण तो कारागिराच्या तोंडून, पर्यवेक्षकाच्या नोंदीतून, विभागीय कार्यशाळेतून वरपर्यंत गेला, तरच तक्रार होईल. दुसरीकडे माझ्या विद्यार्थ्यासारखे दोन-चार गाड्यांचे मालक आहेत, ज्यांना गाडी उभी ठेवणेच परवडत नाही. ते तक्रार कशाला नोंदवतील? जो दोष सर्वांत आधी पायाला जाणवतो, तो चालकाच्या पायाला. आणि त्या चालकाला, तो पगारी नोकर असल्याने, मालक म्हणून पोर्टलवर जागा नाही.

दुसरी गोष्ट वयाची. सक्तीच्या रिकॉलचा नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम आला आणि त्यात राज्य परिवहनाच्या बसही आहेत. म्हणजे बस पंधराव्या वर्षापर्यंत प्रवासी वाहू शकते, हे सरकारला मान्य आहे. मग सातव्या वर्षानंतर तिच्यातला कारखान्याचा दोष कुणाचा? रबराचा दोष तर वयाबरोबर वाढतो. नवीन असताना जे सील जेमतेम काम करत होते, ते आठव्या वर्षी, तेलकट हवा आणि पावसाळे खाऊन, कडक होते. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत पंधरा वर्षे आहे. आपल्या रस्त्यांवर बस ज्या अवस्थेत आणि जितकी वर्षे धावतात, ते पाहता आपली मुदत त्याहून कमी असण्याचे कारण मला दिसत नाही.

अमेरिकेचा दाखला मी वारंवार देतो आहे, कारण तिथे हा कायदा १९६६ पासून आहे आणि त्याच्या उणिवाही त्यांनी अनुभवातून भरून काढल्या आहेत. सुरक्षेचा दोष असल्याचे कळल्यापासून कामाच्या पाच दिवसांत कंपनीने सरकारला कळवायचे आणि साठ दिवसांच्या आत मालकांना टपालाने पत्र पाठवायचे, असा तिथला दंडक आहे. तरीही एक भोक राहिले होते. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रेचेल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणी भाड्याने घेतलेल्या मोटारीतून जाताना मरण पावल्या. त्या मोटारीच्या मॉडेलला रिकॉल लागू होता; भाड्याने देणाऱ्या कंपनीला पत्र गेलेले होते; दुरुस्ती मात्र झाली नव्हती. त्यांच्या आईने दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्या दोघींच्या नावाने कायदा झाला. पस्तीसहून अधिक वाहने भाड्याने देणाऱ्या कंपनीने रिकॉलमधले वाहन दुरुस्त होईपर्यंत ग्राहकाला देऊ नये, हे त्या कायद्याचे सार. तो कायदा मोटारींचा आहे, बसचा नाही. पण ज्याच्या हाती पत्र आहे आणि ज्याचा जीव गाडीत आहे, ती दोन निरनिराळी माणसे असू शकतात, हे त्याने ओळखले. आपल्या वऱ्हाडाच्या बसला आणि शाळेच्या बसला हे किती नेमके लागू पडते!

मला जे हवे आहे ते फार अवघड नाही. ब्रेक, सुकाणू किंवा आग यांच्याशी संबंधित रिकॉल असेल, तर यादीतल्या चॅसी क्रमांकाची प्रवासी बस दुरुस्तीची नोंद होईपर्यंत प्रवासी घेऊन धावू नये. आज एमपरिवहन अ‍ॅपवर बसचा नोंदणी क्रमांक टाकला, की तिचा फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे हे मला मोबाइलवर दिसते. तिथेच रिकॉल बाकी आहे की नाही, अशी एक ओळ असावी. शाळेच्या बसबाबत ही माहिती मुख्याध्यापकांना आणि पालकांना थेट जावी. चालकाने लिहिलेली तक्रार ही वाहनधारकाची तक्रार म्हणून मोजली जावी. आणि हे सगळे करताना माझ्या विद्यार्थ्यासारख्या छोट्या मालकाचा विचार झाला पाहिजे. ज्या कंपनीच्या चुकीने त्याची बस दिवसभर उभी राहते, त्या कंपनीने तिथे पर्यायी बस द्यावी किंवा त्या दिवसाचे भाडे भरून द्यावे, किंवा निदान आपला मेकॅनिक आणि सुटा भाग त्याच्या दारात पाठवावा. तीन गाड्यांचे व्हॉल्व्ह बदलायला एक मोटारसायकल, एक पिशवीभर पाने आणि अर्धा दिवस पुरतो. सत्तर किलोमीटरवरच्या कार्यशाळेत प्रवाशांची बस नेण्यापेक्षा तो मार्ग जवळचा आहे.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून फोन लावला. कार्यशाळेतल्या माणसाने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली, तेव्हा मी फोन हातात घेतला आणि मी कोण, काय शिकवतो, त्या बसमध्ये उद्या कोण बसणार आहे, हे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बस गेल्या. तिसरी वऱ्हाड घेऊन कोकणात उतरली होती. तिच्या चालकाला फोन करून माझ्या विद्यार्थ्याने सगळे समजावले, परतीला घाट चढून येईपर्यंत त्याला धीर नव्हता. दर तासाने तो फोन करत होता आणि मी त्याच्या कार्यालयातून उठलो नाही. बस रात्री साडेनऊला परत आली. चालक खाली उतरला आणि म्हणाला, “सर, मला एकदा वाटलं होतं. सिग्नलला गाडी सुटताना मागून कुणीतरी धरल्यासारखी वाटली. पण परत झालं नाही, म्हणून बोललो नाही.” ब्रेक सुटायला उशीर होतो, तेव्हा अगदी तसेच वाटते. त्याच्या पायाला जे कळले होते, ते लिहून ठेवायला त्याच्यापाशी कागद नव्हता, आणि विचारायला कुणी आले नव्हते.

काढलेला एक व्हॉल्व्ह मी मागून घ्यायचा प्रयत्न केला, पण जुना भाग कंपनीला परत द्यावा लागतो, असे सांगण्यात आले. तपासासाठी ते योग्यच आहे.

घरी आल्यावर मी माझ्या वडिलांची वही काढली. अण्णा एका आगारात कारागीर होते. एकतीस वर्षे त्यांनी बसखालची माती अंगावर घेतली. त्यांच्या काळात रिकॉल हा शब्द कुणी ऐकला नव्हता. १९९४ मध्ये त्यांच्या आगाराला एकाच लॉटच्या सहा नव्या बस मिळाल्या. त्यांतल्या एका बसच्या पुढच्या डाव्या चाकाजवळची हवेची रबरी नळी खरवडलेली त्यांना दिसली. त्यांनी ती बदलली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बसची तीच नळी, तशीच, त्याच जागी खरवडलेली. तेव्हा त्यांनी तिसरी बस शेडमध्ये घेतली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापायला लावले आणि बॅटरी घेऊन खाली झोपले. चाक शेवटपर्यंत वळले की नळी एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घासत होती. पट्टी जिथे हवी होती, तिथून बोटभर पुढे बसवलेली होती. सहाही बसला तसेच होते.

अण्णांनी पर्यवेक्षकांना सांगितले, “साहेब, ही नळी फाटली तर पुढची हवा जाणार. बदलून उपयोग नाही, पट्टीच चुकली आहे.” साहेबांनी ऐकून घेतले आणि वर लिहिले. उत्तर यायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत अण्णांनी टायरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून सहाही बसच्या नळ्यांवर गुंडाळले आणि तारेने आवळले. दर आठवड्याला ते पट्टे हाताने चाचपून पाहायचे. पुढे कंपनीचा माणूस आला, त्याने पाहिले, मान डोलावली आणि काही महिन्यांनी नव्या पट्ट्या आल्या. त्या बसवल्या गेल्या. त्याच लॉटच्या बस आणखी कोणकोणत्या आगारांत गेल्या होत्या आणि तिथे कुणी गाडीखाली झोपून पाहिले की नाही, हे अण्णांना कधीच कळले नाही. ते घरी जेवताना याबद्दल बोलायचे. एखाद्या दूरच्या जिल्ह्यात एस.टी.चा अपघात झाला, की वर्तमानपत्रात बसचा क्रमांक आहे का, ते आधी बघायचे.

वहीच्या त्या पानावर सहा चॅसी क्रमांक आहेत, निळ्या शाईत, अण्णांच्या उभ्या अक्षरात. पाच क्रमांकांपुढे ‘पट्टी बदलली’ असे लिहून तारीख घातली आहे. सहाव्यापुढे तारीख नाही. तिथे फक्त ‘दुसऱ्या विभागाला दिली’ एवढेच लिहिले आहे, आणि त्याखाली पेन्सिलीने दोनदा ओळ ओढली आहे.